पब्लिशरकडे जाण्याआधी एक्सेल उघडा: छोट्या टीमने मोठ्या बजेटचा गेम कसा मांडायचा

पिच डेक (गेममध्ये पैसे घालून तो विकणाऱ्या कंपनीला, म्हणजे पब्लिशरला, दाखवायच्या स्लाइड) बनवायला बसला असाल तर तो आधी बंद करा आणि एक्सेल उघडा. खरंच सांगतोय. आमच्या पहिल्या पिचमध्ये ५२ स्लाइड होत्या, त्यातल्या चाळीसेक नुसत्या गेममधल्या दुनियेच्या इतिहासाच्या, कुठल्या राज्यात कोण राजा, कुठल्या तलवारीचं नाव काय, म्हणजे नमनालाच घडाभर तेल, आणि पब्लिशरकडच्या बाईंनी अकराव्या मिनिटाला अगदी शांतपणे विचारलं की छान आहे सगळं, पण किती कॉपी विकल्यावर आमचे पैसे मोकळे होतात? आम्ही चौघं स्क्रीनवरच्या आपापल्या चौकोनात गप्प. कॉल त्यानंतर वीस मिनिटं चालला, पण काम तिथेच संपलं होतं.

तेव्हापासून जे शिकलो, काही स्वतः आपटून आणि काही दुसऱ्यांचं बघून, ते इथे लिहितोय. दहा ते चाळीस माणसांची टीम आहे, मोबाइलचा पझल गेम करायचा नाहीये, पीसी-कन्सोलवर मोठ्यांच्या शेजारी उभा राहील असा गेम करायचाय आणि पैसा दुसऱ्याचा लागणार आहे, अशांसाठी.

मोठं बजेट म्हणजे किती मोठं

२०२३ साली अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट-अ‍ॅक्टिव्हिजन सौद्याची (एका कंपनीने दुसरी गेम कंपनी विकत घेण्याची) केस चालू होती तेव्हा सोनीचे काही कागद बाहेर आले. गुप्त आकडे मार्करने खोडलेले होते पण स्कॅनमध्ये ते आरामात वाचता येत होते (एवढी मोठी कंपनी, आणि मार्कर!). त्यात 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' २२ कोटी डॉलर आणि 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' २१.२ कोटी डॉलर असे आकडे होते, माणसं अनुक्रमे दोनशे आणि तीनशेच्या आसपास. त्याच सौद्याच्या चौकशीत ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाला पब्लिशरांनी सांगितलं होतं की २०२४-२५ मध्ये येणाऱ्या ट्रिपल-ए (सगळ्यात मोठ्या बजेटच्या) गेमना २० कोटी डॉलर आणि त्याच्या वर खर्च मंजूर होतोय.

त्या गल्लीत आपल्याला जायचंच नाहीये. आपल्याला बघायचंय ते 'हेलब्लेड' आणि 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पेडिशन ३३' कडे. हेलब्लेड केला केंब्रिजच्या निंजा थिअरीने, साधारण वीस जणांच्या टीमने, स्वतःच पब्लिश केला, ऑगस्ट २०१७ ला आला, पूर्ण किमतीच्या निम्म्याला म्हणजे ३० डॉलरला, आणि फक्त डिजिटल. सहा ते नऊ महिन्यांत खर्च निघेल असा त्यांचा हिशोब होता, तो तीन महिन्यांत ५ लाख कॉपींवर निघाला. एक्स्पेडिशन ३३ केला फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या सँडफॉलने, मूळ टीम तीसेक जणांची, बजेट १ कोटी डॉलरच्या आतलं सांगितलं जातं, पब्लिशर केप्लर इंटरॅक्टिव्ह, २४ एप्रिल २०२५ ला रिलीज आणि तीन दिवसांत १० लाख कॉपी.

आता लगेच "तीस जणांनी केला" असं स्लाइडवर टाकू नका. पब्लिशर हसतो. त्या तीस जणांच्या बाहेर कोरियातले अ‍ॅनिमेटर होते, टेस्टिंगवाले होते, भाषांतरवाले, आवाज देणारे, वादक, क्रेडिट्स चालू झाल्या की नावं संपत नाहीत. त्या तीस जणांनी काय केलं तर नेमकं काय आपण करायचं आणि काय बाहेर द्यायचं हे ठरवलं, आणि तेच शिकण्यासारखं आहे.

उलटं उदाहरणही समोर ठेवा. 'इमॉर्टल्स ऑफ अ‍ॅव्हियम', असेंडंट नावाचा नवा स्टुडिओ, शंभरेक माणसं, ईए या बड्या पब्लिशरचं लेबल, ऑगस्ट २०२३. तिथल्या एका माजी कर्मचाऱ्याने पत्रकारांना सांगितलं की डेव्हलपमेंटवर साडेआठ कोटी डॉलर आणि मार्केटिंगवर आणखी ४ कोटी गेले. रिलीजनंतर महिन्याच्या आतच जवळपास निम्मी टीम घरी गेली. गेम काही टाकाऊ नव्हता हो, मी खेळलोय, हातात धरायला मजा येते. पण एवढे पैसे परत यायला जेवढी विक्री लागते तेवढी नव्या नावाला मिळणं कठीणच होतं आणि हे गणित रिलीजच्या दिवशी कळून काही उपयोग नसतो.

उलटा हिशोब

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

एका माणसाचा महिन्याचा पूर्ण खर्च काढा. पगार नाही म्हणत मी, पूर्ण खर्च. पगार, पीएफ, ऑफिसचं भाडं, मशीन, सॉफ्टवेअरची लायसन्स, वीज, चहा, सीएची फी, सगळं मिळून माणसी. पुण्यात सिनिअर-ज्युनिअर सरासरी धरून समजा दीड लाख. टीम सरासरी २५, म्हणजे महिन्याला साडेसदतीस लाख. अडीच वर्षं म्हणजे ३० महिने, झाले सव्वाअकरा कोटी. आउटसोर्सिंग, मोकॅप (नटांच्या हालचाली टिपून पात्रांना देणं), आवाज, संगीत यांचे ३ कोटी. टेस्टिंग, भाषांतर, कन्सोल पोर्टिंग (गेम कन्सोलवर चालता करणं), वकील यांचे सव्वा कोटी. बेरीज साडेपंधरा. यावर वीस टक्के राखीव ठेवा, कारण गेम कधीच वेळेवर संपत नाही, कुणाचाच नाही, तर आले साडेअठरा कोटींच्या जरा वर. साडेअठरा धरू.

राखीव रक्कम लपवू नका बरं का. आम्ही पहिल्यांदा ती पगारांमध्ये वाटून लपवली होती, पब्लिशरच्या फायनान्सवाल्याने दोन मिनिटांत पकडली आणि मग प्रत्येक आकड्यावर शंका.

आता एका कॉपीमागे हातात काय येतं ते बघू. किंमत ३० डॉलर. पण भारतात, ब्राझीलमध्ये, तुर्कस्तानात किंमत कमी ठेवावी लागते, आणि सहा महिन्यांनी सेल लागतो, वर्षाने अर्ध्या किमतीत जातो, तेव्हा सगळं मिळून सरासरी १८ डॉलर मिळाले तरी खूप. त्यातून व्हॅट आणि रिफंड जातात (स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, १४ दिवसांत आणि दोन तासांच्या आत खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, म्हणजे तुमचे पहिले दोन तास हा एक स्वतंत्र आर्थिक विषय आहे), वीस टक्के धरा, उरले १४ डॉलर ४० सेंट. स्टीमचे ३० टक्के जातात. १ कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रीवर ते २५ आणि ५ कोटींच्या पुढे २० होतात, पण तो विचार आत्ता नको. उरले १० डॉलर. अनरिअल इंजिन (गेम ज्यावर बनवतात ते तयार सॉफ्टवेअर) असेल तर पहिले १० लाख डॉलर माफ, पुढच्या विक्रीवर ५ टक्के, आणि ते स्टीमचा वाटा कापायच्या आधीच्या रकमेवर, हे बरेच जण विसरतात. शेवटी हातात ९ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर ७६५ रुपये.

पब्लिशर मार्केटिंगवर समजा ५ कोटी घालतो आणि तेही वसूल करणार. साडेअठरा अधिक पाच, साडेतेवीस कोटी, भागिले ७६५. तीन लाख सात हजार कॉपी. हा तुमचा आकडा. त्या बाईंना हाच हवा होता.

आणि आता खरी गंमत. रिकूप, म्हणजे घातलेल्या पैशाची वसुली, कुठल्या पैशातून होतं ते करारात बघा. आलेल्या सगळ्या पैशातून आधी पब्लिशरचे साडेतेवीस कोटी निघाले आणि मग फिफ्टी-फिफ्टी, तर तीन लाख सात हजारांनंतर तुम्हाला पहिला रुपया दिसतो. पण करारात जर असं असेल की पहिल्या दिवसापासून पैसे निम्मे-निम्मे आणि पब्लिशरने घातलेला खर्च फक्त *तुमच्या* वाट्यातून वळता होणार, तर एका कॉपीमागे वसुलीला लागतात फक्त तीनशे ब्याऐंशी रुपये, आणि तुमचा पहिला रुपया येतो सहा लाख चौदा हजार कॉपींनंतर. दुप्पट! दोन्ही करारांत वर ठळक अक्षरात "५० टक्के" च लिहिलेलं असतं. माझ्या ओळखीत एका टीमने दुसऱ्या प्रकारचा करार सही करून वर पार्टी केली होती, मी पण होतो पार्टीला, मला तेव्हा काय कळत होतं.

चांगल्या अटी कशा दिसतात ते बघायचं तर एपिकने (अनरिअलवाली कंपनी) मार्च २०२० मध्ये जाहीर केलेला नमुना घ्या: खर्च शंभर टक्क्यांपर्यंत एपिकचा, खर्च वसूल झाल्यावर नफा किमान निम्मा डेव्हलपरचा, आयपी (गेमचे मूळ हक्क) पूर्णपणे डेव्हलपरची. रेमेडीचा 'अ‍ॅलन वेक २' या पद्धतीने झाला. ऑक्टोबर २०२३ ला आला, २० लाखांवर कॉपी गेल्या, आणि रॉयल्टी चालू व्हायला तरी २०२४ सालचा शेवट उजाडला. म्हणजे चांगल्या अटी, नावाजलेला स्टुडिओ, उत्तम गेम, आणि तरी सव्वा वर्ष रॉयल्टी नाही. रिलीजनंतरचे पगार कुठून देणार हे आत्ताच लिहून ठेवा, रॉयल्टीतून असं लिहू नका.

पब्लिशरच्या आत काय चालतं

आपल्याला वाटतं पब्लिशर म्हणजे एक माणूस. तसं नसतं. तुम्हाला भेटतो तो स्काउट, नवे गेम शोधणारा, त्याला गेम आवडतो, तो खरंच आवडतो, खोटं बोलत नाही बिचारा. मग गेम जातो प्रोड्यूसरकडे, तो बघतो ही टीम हे संपवू शकेल का. मग फायनान्स, ते एक शीट बनवतात त्यात वाईट, मध्यम, चांगला असे तीन अंदाज असतात, आणि आपण सगळे चांगल्याची स्वप्नं बघतो तर पैसे मंजूर करणारी कमिटी बघते फक्त वाईट. वाईट अंदाजात किती बुडतात? ते परवडतील का? मग मार्केटिंगवाले विचारतात हे दहा सेकंदात दाखवायचं कसं. या चौघांपैकी एकाने नाक मुरडलं तरी पुढच्या महिन्यात बघू.

म्हणून डेकमध्ये तुलनेला जे गेम द्याल ते तुमच्याच वजनाचे द्या. आत्मविश्वास दाखवायला एल्डन रिंगसारख्या प्रचंड हिट गेमचं नाव टाकलंत तर स्काउटच्या हातात काहीच उरत नाही. पाच गेम घ्या, त्याच प्रकारचे, त्याच किमतीचे, गेल्या तीन-चार वर्षांतले, आणि त्यातले दोन न चाललेले असू द्या. न चाललेले का चालले नाहीत आणि तुम्ही काय वेगळं करणार हे दोन ओळीत लिहा. मला दोन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलंय की ही स्लाइड बघून आम्ही पुढे वाचलं.

कॅलेंडर पण बघा. ईए, टेक-टू, युबिसॉफ्ट, कॅपकॉम, सोनी, या सगळ्यांचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांची गडबड असते ती चालू गेम मार्चच्या आत बसवायची, आणि पुढच्या वर्षाचं बजेट साधारण त्याआधीच ठरत आलेलं असतं. म्हणजे दिवाळीच्या आसपास तुमचा बिल्ड (गेमची खेळता येणारी आवृत्ती) त्यांच्या हातात असलेला बरा. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, विचारा, विचारायला लाजू नका, "तुमचं पुढचं ग्रीनलाइट (म्हणजे मंजुरी) कधी आहे" हा अगदी साधा प्रश्न आहे.

आणि हे मनाला लावून घेऊ नका की गेम रद्द झाला म्हणजे गेम वाईट होता. डबल फाइन स्टुडिओचा 'ब्रूटल लेजंड' विवेंदी या पब्लिशरकडे होता, २००८ मध्ये विवेंदी गेम्स अ‍ॅक्टिव्हिजनमध्ये विलीन झाली आणि नव्या मालकाने तो यादीतून वगळला. मग ईएने घेतला, तेव्हा अ‍ॅक्टिव्हिजनने केस टाकली, शेवटी तडजोड होऊन २००९ ला आला. एम्ब्रेसर या मोठ्या गेम कंपनीचंही बघा, मे २०२३ मध्ये त्यांचा दोन अब्ज डॉलरचा एक सौदा ऐनवेळी फिसकटला, जूनमध्ये काटकसर जाहीर, ऑगस्टमध्ये त्यांचा व्होलिशन स्टुडिओ बंद, डिसेंबरमध्ये फ्री रॅडिकल. व्होलिशनमध्ये त्या आठवड्यात कोणी कितीही चांगला कोड लिहिला असता तरी काय फरक पडणार होता!

आपल्या पुण्या-मुंबईचंच बघा. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' चा रीमेक युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होता, सप्टेंबर २०२० ला जाहीर झाला, ट्रेलरवर लोक तुटून पडले, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियालला गेलं. ते काही छोटे स्टुडिओ नाहीत, कंपनीचेच आहेत, तरी निर्णय झाला आणि प्रोजेक्ट उचलला.

स्कोप (गेमचा आवाका) कसा कापायचा

एक गोष्ट निवडा जी ट्रिपल-एच्या तोडीची असणार, आणि बाकीच्या सगळ्यात चतुराई करा. हेलब्लेडमध्ये ती एक गोष्ट होती सेनुआ, गेमची नायिका. तिचा चेहरा, तिच्या डोक्यातले आवाज. बाकी? जवळजवळ पूर्ण गेम एकटी मुलगी, शत्रूंचे मोजके प्रकार, स्क्रीनवर हेल्थबार-मॅप काहीच नाही, आणि दुसरी पात्रं थ्रीडीत बनवायच्या ऐवजी खऱ्या नटांचं व्हिडिओ शूटिंग करून गेममध्ये मिसळलेली. मोकॅपसाठी त्यांनी ऑफिसच्या मीटिंग रूममध्येच सेटअप लावला, आयकियाच्या कपाटाच्या दांड्या वापरून. सेनुआचं काम केलं ते स्टुडिओत व्हिडिओ एडिटर असलेल्या मेलिना युर्गन्सने, आधी नुसतं टेस्टिंगला उभी राहिली होती, पुढे तिला त्याच कामाचं बाफ्टा मिळालं.

सँडफॉलने मारामारी टर्न-बेस्ड ठेवली. टर्न-बेस्ड म्हणजे रिंगणात कोण कुठे उभं राहणार हे तुम्हाला आधीच माहिती, कॅमेरा तुमच्या हातात, पन्नास शत्रू एकाच वेळी धावत येणार नाहीत, त्यामुळे पैसा दिसण्यावर आणि अ‍ॅनिमेशनवर घालता येतो. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला जुन्या जपानी आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या) गेमसारखा छोट्या बाहुल्यांचा नकाशा, म्हणजे मधले शेकडो किलोमीटरचे रस्ते बनवायचेच नाहीत. लोकांना वाटलं वा काय जुनी आठवण! आठवण आहेच, पण त्यात वाचलेले पैसे पण आहेत.

तुमच्याकडे कसं करायचं: भिंतीवर सगळे फीचर लिहा, प्रत्येकापुढे माणसी-महिने (एका माणसाचं एका महिन्याचं काम म्हणजे एक) लिहा, अंदाजे चालेल. मग प्रत्येकाला विचारा की हे ट्रेलरमध्ये दिसतं का, आणि खेळणारा तिसऱ्या तासाला हे पुन्हा वापरतो का. दोन्ही उत्तरं नाही आली की ते उडवा. आमच्याकडे घोड्यावर बसायचं होतं. चौदा माणसी-महिने. सगळ्यांचा जीव होता त्या घोड्यात, मी ज्या दिवशी तो कापला त्या दिवशी आमच्या अ‍ॅनिमेटरने माझ्याशी बोलणं बंद केलं, चार दिवस. पण चौदा माणसी-महिने म्हणजे वर काढलेल्या हिशोबाने एकवीस लाख रुपये आणि राखीव धरून पंचवीस.

ओपन वर्ल्ड, मल्टिप्लेअर, फाटे फुटणारी कथा, ही तिन्ही एकाच पिचमध्ये पंचवीस जणांच्या टीमने लिहिली असतील तर कुणी वाचत नाही, खरंच. एक ठेवा फार तर.

व्हर्टिकल स्लाइसबद्दल एक सांगायचंय. पंधरा-वीस मिनिटांचा तुकडा, अगदी शेवटच्या गेमसारखा दिसणारा, तो दाखवूनच पैसे मिळतात हे खरं आहे. पण बहुतेक जण तो क्रंच करून, आठ महिने रात्री जागून, हाताने रंगवून बनवतात आणि मग पब्लिशर म्हणतो वा, आता असेच बारा तास बनवा. हात दाखवून अवलक्षण. म्हणून स्लाइस बनवताना तास मोजा. पंधरा मिनिटांना किती माणसी-महिने लागले, त्यातला किती वेळ पहिल्यांदा करत होतो म्हणून लागला आणि किती प्रत्येक वेळी लागणारच, हे दोन वेगळे कॉलम. पिचमध्ये स्लाइससोबत ही शीट पण द्या. कुणी मागत नाही ती, पण दिली की प्रोड्यूसर तुमच्या बाजूने बोलायला लागतो.

करारातल्या चार जागा

वकील लावा, गेमचे करार बघितलेला लावा, ओळखीतला प्रॉपर्टीवाला काका नको. तरी स्वतः या जागा वाचाच.

माइलस्टोन. पैसे महिन्याला येत नाहीत, टप्प्याला येतात. टप्पा दिला, तो तपासायला त्यांना समजा २० दिवस, मंजूर झाल्यावर बिलाला ३० किंवा ४५ दिवस. म्हणजे काम संपल्यापासून दोन महिन्यांनी पैसे आणि मधले पगार तुमच्या खिशातून. "ठराविक दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजूर समजावं" हे वाक्य घालून घ्या. आणि बँकेत तीन महिन्यांचा खर्च कायम राहील असं पहिल्या हप्त्याचं आकारमान मागा. टप्प्याची व्याख्या पण नेमकी हवी, "कॉम्बॅट मजेदार वाटलं पाहिजे" असं लिहिलेला टप्पा मी बघितलाय, कुणाला मजेदार?

रद्द करण्याची अट. पब्लिशरला विनाकारण बाहेर पडायचा हक्क हवाच असतो, तो काढून टाकता येत नाही. पण बाहेर पडताना पुढचे दोन-तीन महिन्यांचे पैसे देणार का, गेमचे हक्क आपोआप तुमच्याकडे परत येणार का, आणि दुसरा पब्लिशर मिळाला तर जुन्याचे पैसे किती आणि कधी परत करायचे, हे सगळं आनंदाच्या दिवसात लिहून घ्यायचं असतं. कंपनीच विकली गेली तर काय, हे पण.

हक्क. आयपी तुमची असली तरी विकण्याचे हक्क किती वर्षं, कुठल्या प्लॅटफॉर्मवर, सीक्वेलवर पहिला हक्क कुणाचा? रेमेडीने 'कंट्रोल' चे पब्लिशिंगचे हक्क ५०५ गेम्सकडून २०२४ मध्ये परत घेतले त्याला १ कोटी ७० लाख युरो मोजावे लागले, आणि मूळ गेमचं बजेटच २ ते ३ कोटी युरो होतं.

बोनस. मेटाक्रिटिकच्या (समीक्षांची सरासरी काढणारी साइट) गुणांना बांधलेला बोनस घेऊ नका, म्हणजे घ्या, पण बजेटमध्ये धरू नका. ऑब्सिडियनचा 'फॉलआउट: न्यू वेगस', अठरा महिन्यांत केलेला, ८५ गुण मिळाले तर बोनस होता, ८४ मिळाले.

पब्लिशरशिवायचे पैसे

सगळा पैसा एकाकडूनच घ्यायला हवा असं नाही, आणि थोडा पैसा दुसरीकडून आला की पब्लिशरचा सूर बदलतो. वॉरहॉर्सचा 'किंगडम कम: डेलिव्हरन्स', पब्लिशर म्हणत होते की जादू नाही, ड्रॅगन नाही, हे कोण घेणार. एक श्रीमंत चेक गुंतवणूकदार तयार होता पण त्याला मागणी आहे याचा पुरावा हवा होता. म्हणून २०१४ ला किकस्टार्टर (लोकांकडून आगाऊ वर्गणी) केलं, ३ लाख पौंड मागितले आणि ११ लाख आले. ११ लाख पौंडांत तो गेम होणारच नव्हता, तो पुरावा होता. हल्ली पुरावा म्हणून स्टीमच्या विशलिस्ट (किती जणांनी गेम हवा म्हणून नोंदवलाय ते) चालतात, शंभर डॉलर भरून पान उघडता येतं, त्यामुळे पिचला जाण्याआधी पान चालू असू द्या.

किकस्टार्टर फसलं तर? पुण्याच्या नॉडिंग हेड्सचं 'राजी' साठीचं किकस्टार्टर २०१७ मध्ये फसलं. पदरमोड करत टिकून राहिले, नंतर पब्लिशर मिळाला, ऑगस्ट २०२० ला स्विचवर आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या गेमच्या गटात नामांकन. आता तर थोडे दरवाजे जास्त आहेत. सोनीचा इंडिया हीरो प्रोजेक्ट आहे, मुंबईच्या अंडरडॉग्जचा 'मुक्ती' त्यातूनच पुढे आला. क्राफ्टनचा इन्क्युबेटर आहे, ५० हजार ते दीड लाख डॉलरपर्यंत मदत. त्यात मोठा गेम होत नाही, पण प्रोटोटाइप आणि स्लाइस होतो, आणि आपल्याला तेवढंच हवंय आत्ता.

टॅक्सचं थोडक्यात: परदेशातून पैसे येणार तर जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) आधी भरून ठेवा, बँकेकडून एफआयआरसी (परदेशी पैसे आल्याचा दाखला) मागत राहा, स्टीमसाठी डब्ल्यू-८ हा अमेरिकन कर-फॉर्म नीट भरा, नाहीतर अमेरिकेतल्या विक्रीवर भारत-अमेरिका कर-करारातल्या १५ ऐवजी ३० टक्के कापले जातात. बाकी सीएला विचारा.

मध्येच बजेट कापलं तर

कापलं जाण्याची शक्यता धरूनच चाला. फोन येतो, शक्यतो शुक्रवारी, आवाज गोड असतो. आम्हाला आला तेव्हा "थर्टी पर्सेंट" असा शब्द होता आणि मी घाबरून लगेच म्हणालो की बघतो, जमवू. चूक. जमवू म्हणायचंच नाही. म्हणायचं, दहा दिवस द्या, तीन पर्याय पाठवतो.

तीन पर्याय असे: तोच गेम लहान करून (कुठले प्रदेश, कुठले बॉस जाणार, नावासकट), तोच गेम उशिरा पण छोट्या टीमने, आणि तिसरा म्हणजे दोन भागांत किंवा अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अपूर्ण गेम विकत विकत पूर्ण करणं. डबल फाइनने 'ब्रोकन एज' ला किकस्टार्टरवर ४ लाख डॉलर मागून ३३ लाख मिळवले, मग गेम एवढा वाढवला की पैसे पुरेनात, शेवटी पहिला अर्धा भाग २०१४ मध्ये विकून दुसऱ्याचा खर्च काढला. लोकांनी शिव्या घातल्या, पण गेम पूर्ण झाला. प्रत्येक पर्यायापुढे नवा वसुलीचा आकडा लिहा, आपल्या उदाहरणात डेव्हलपमेंटचे साडेअठरा कोटी तीस टक्क्यांनी कमी झाले तर एकूण वसुली अठरा कोटींच्या आत येते आणि तीन लाख सात हजारांच्या जागी २ लाख ३५ हजार कॉपी पुरतात. कापाकापीतलं हे एकच सुख.

टीमला त्याच दिवशी सांगा. आम्ही सोमवारपर्यंत थांबलो आणि शनिवारी लिंक्डइनवर दोघांच्या प्रोफाइल बदललेल्या होत्या, कसं कळलं कुणास ठाऊक.

आणि पूर्णच रद्द झालं तर त्या संध्याकाळी एवढंच करा: शेवटचा चालणारा बिल्ड आणि सोर्स कोडची कॉपी तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर आहे ना ते बघा, थकलेल्या टप्प्यांची बिलं लगेच पाठवा, हक्क परत करण्याबद्दल करारातल्या कलमाचा नंबर टाकून मेल करा, कन्सोलचे डेव्हकिट (गेम बनवायची खास मशीन) त्यांनी परत मागायच्या आधी त्यावरचे व्हिडिओ कॅप्चर करून घ्या कारण पुढच्या पिचला तेच लागणार आहेत. मग घरी जा. दुसऱ्या पब्लिशरला फोन सोमवारी.